जुन्या पिकअपचं ॲव्हरेज वाढवायचं तर हवेचा हिशेब मांडा

टोमॅटो, कोथिंबीर, ढोबळी मिरची भरून रात्री नवी मुंबईत वाशीच्या बाजारात गेलेली पिकअप सकाळी रिकामे क्रेट घेऊन नाशिकला परत येते. जाताना डिझेल लागतं, येताना गाडी हलकी, असं मालक धरून चालतो. वजनापुरतं ते खरं आहे. पण हवेला वजनाशी काही देणंघेणं नसतं. केबिनच्याही वर चढवलेले जाळीदार क्रेट, त्यांच्यावर सैल बांधलेली ताडपत्री, पुढे लोखंडी गार्ड, टपावर कॅरिअर अशी गाडी ८० च्या वेगाने धावते तेव्हा ती हवेशी इतकी झुंजते, की नीट झाकलेली भरलेली गाडीही तेवढी झुंजत नसेल.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. कसाऱ्याच्या वळणांऐवजी बोगद्यातून सरळ, एकसारख्या वेगाने जायची सोय झाली. वेग जितका एकसारखा आणि जास्त, तितका हवेचा वाटा मोठा. त्यामुळे या विषयाकडे लक्ष द्यायची गरज आता पूर्वीपेक्षा जास्त आहे.

खाली जे सांगतोय ते बोलेरो पिकअप, टाटा २०७, झेनॉन, दोस्त अशा चॅसिसवर वेगळी केबिन आणि वेगळा हौदा असलेल्या गाड्यांसाठी आहे. अपेक्षाही आधीच ठरवून घ्या. महामार्गावर चालणाऱ्या गाडीला एकूण ५ ते १० टक्के फरक पडला तर काम उत्तम झालं. नाशिक शहरातच पंचवटीतून सिडकोपर्यंत दिवसभर माल पोचवणाऱ्या गाडीला यातलं काहीही उपयोगाचं नाही. तिने टायरची हवा आणि क्लच सांभाळावा.

हिशेब काय सांगतो

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर रोध चौपट. पिकअपचा समोरून दिसणारा आकार साधारण ३ चौरस मीटर आणि ड्रॅग कोएफिशंट (गाडीचा आकार हवेला किती अडवतो, त्याचा आकडा) ०.५५ धरा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणून हवा किंचित विरळ. हे धरून गणित केलं तर ४० च्या वेगाला हवा साधारण ११५ न्यूटनने (न्यूटन म्हणजे जोर मोजायचं एकक) मागे ओढते, ६० ला २६०, ८० ला ४५५ आणि १०० ला ७१०. टायर रस्त्यावर फिरवायला लागणारा जोर मात्र वेगाने फारसा बदलत नाही. पावणेदोन टनांच्या आसपासच्या रिकाम्या गाडीला तो सुमारे १८० न्यूटन, माल भरून ३ टन झाली की ३२०.

म्हणजे ४० च्या वेगाला टायरच जास्त डिझेल खातात. ८० ला रिकाम्या गाडीचा ७० टक्क्यांहून जास्त जोर हवा कापण्यात जातो आणि भरलेल्या गाडीचाही निम्म्याहून जास्त. हवेचा रोध १० टक्क्यांनी कमी केला तर ८० ला रिकाम्या गाडीचं डिझेल साधारण ७ टक्के वाचतं, भरलेलीचं ६ टक्के. घाट, टोलनाके आणि गावातली गर्दी धरली की संपूर्ण फेरीत ते ४ ते ५ टक्क्यांवर येतं.

यातला सगळ्यात स्वस्त बदल वेगाचा. ८० ऐवजी ६५ ने चाललात तर हवेचा रोध एक तृतीयांशाने कमी होतो. नाशिक-वाशी अंतर १७० किलोमीटर धरलं तर फरक अर्ध्या तासाचा. रात्री अकराला निघणाऱ्याने साडेदहाला निघावं आणि पहाटेचा लिलाव गाठावा. मालवाहू गाडीला चौपदरी महामार्गावर ८० ची मर्यादा आहेच, त्यामुळे १०० चा आकडा फक्त समजण्यापुरता.

आधी मोजा, मगच ड्रिल हातात घ्या

पहिली पायरी मोजमापाची. ती टाळून पुढे गेलात तर कुठल्या बदलाने काय झालं हे कधीच कळणार नाही, आणि मग गाडीला काहीही लावलं तरी ॲव्हरेज वाढल्यासारखं वाटत राहतं.

मोजण्याआधी गाडी ठिकाणावर आणा. एअर फिल्टर, टायरची हवा (दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली, दुकानदार म्हणेल ती नव्हे), व्हील अलाइनमेंट आणि ब्रेक. गाडी जॅकवर घेऊन प्रत्येक चाक हाताने फिरवून बघा. एखादं चाक अडखळत असेल तर ब्रेक घासतोय. आधी तो सोडवा. घासणारा ब्रेक हवेच्या सगळ्या सुधारणा गिळून टाकतो.

मग टाकी ते टाकी मोजा. ठरलेला पंप, ठरलेलं नोझल, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं. वरून डिझेल ठासायचं नाही. किलोमीटर मोबाईलच्या जीपीएसवरून घ्या, कारण जुन्या गाडीचा मीटर आणि झिजलेले टायर यांचं जमत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, नेहमी जाऊन-येऊनची पूर्ण फेरी मोजा. नाशिकहून मुंबईला जाताना गाडी ६०० मीटर खाली उतरते आणि येताना तेवढीच चढते. ३ टनांची गाडी ६०० मीटर वर न्यायला नुसत्या चढासाठी दीड ते पावणेदोन लिटर डिझेल जास्त जातं. जातानाचं ॲव्हरेज सांगून खूश होणाऱ्याला हे उतारावरचं ॲव्हरेज आहे, हे समजावून सांगावं लागतं.

वारा आणि ऋतूही बघा. जून-जुलैमधला पश्चिमेचा वारा मुंबईकडे जाताना थेट तोंडावर येतो. पावसाळ्यातली फेरी आणि डिसेंबरमधली फेरी एकमेकींशी ताडून बघू नका. एक बदल करा, काही फेऱ्या करा, तो बदल काढून पुन्हा काही फेऱ्या करा. काढल्यावर आकडा पुन्हा खाली आला तरच तो बदल खरा.

लवकर अंदाज हवा असेल तर घरंगळ चाचणी करा. सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्याचा तुकडा शोधा. रविवारी पहाटे सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी असा रस्ता मिळू शकतो. वाहत्या महामार्गावर हे अजिबात करू नका. रिकामी गाडी ७० च्या थोडं वर नेऊन न्यूट्रल करा आणि ७० वरून ५० वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने मोजायचं. दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्या. वरच्या गणितातल्या गाडीला साधारण साडेएकवीस सेकंद लागतील. हवेचा रोध १० टक्क्यांनी घटला तर पावणेतेवीस. फरक सव्वा सेकंदाचा, आणि हाताने घड्याळ दाबताना अर्धा सेकंद सहज इकडेतिकडे होतो. म्हणून ही चाचणी परत परत करावी लागते.

लावण्याआधी काढा

पुढचं लोखंडी गार्ड काढा. गाड्यांवरच्या अशा गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. गार्डमुळे पादचाऱ्याला जास्त इजा होते, आणि वजन व हवेचा रोध दोन्ही वाढतात. टपावरचं न लागणारं कॅरिअर काढा. गोल पाइप दिसायला बारीक, पण हवेला तो त्याच जाडीच्या नीट निमुळत्या पट्टीच्या कित्येक पट अडवतो. मोठे हॉर्न, झेंड्याच्या काठ्या, जादा दिव्यांचा बार उतरवा. आरसे मात्र काढायचे नाहीत, लहानही करायचे नाहीत.

फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, पाडून गाडी चालवली की हवा आरपार जाते, असं अनेक ड्रायव्हर सांगतात. प्रत्यक्षात उलट होतं. फाळका लावलेला असला की केबिनवरून आलेल्या हवेचा एक मोठा भोवरा हौद्यात अडकून फिरत राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत मागे निघून जाते. फाळका पाडला की भोवरा मोडतो. बहुतेक पिकअपमध्ये त्याने रोध वाढतो. फाळका लावूनच ठेवा.

ताडपत्री

एकच काम करायला वेळ असेल तर हे करा. हवा गाडीला समोरून जेवढी ढकलते, त्याहून जास्त नुकसान ती गाडीच्या मागे तुटून पोकळी करते तेव्हा होतं. नाक निमुळतं करण्यापेक्षा शेपूट नीट करण्यात जास्त हाती लागतं. पिकअपची शेपूट म्हणजे तिची ताडपत्री.

रिकाम्या हौद्यावर नुसती सपाट, घट्ट ताडपत्री ताणली तरी काही टक्के रोध कमी होतो. घट्ट हा शब्द महत्त्वाचा. ताडपत्री फडफडते तेव्हा तिचा प्रत्येक झटका इंजिनाच्या ताकदीतून येतो. आवाजावरून ओळखा. ७० च्या वेगाला केबिनची काच खाली केल्यावर फटफट ऐकू आली तर बांधणी सैल आहे. सुती दोरखंड रात्रीच्या दवाने आणि पावसाने ताण बदलतात. खटक्याने ताणायचे रॅचेट बेल्ट घ्या. कापड पीव्हीसीचा लेप असलेलं, कडेला जाड पट्टी शिवलेलं आणि दर ३० सेंटिमीटरला पितळी रिंग असलेलं हवं. निळी-पिवळी पातळ ताडपत्री महामार्गाच्या वाऱ्यात काही महिन्यांत चिंध्या होते. पुढची कड केबिनच्या मागच्या भिंतीला टेकलेली आणि पूर्ण बंद हवी. हवा तिथून आत शिरली की ताडपत्री फुगते आणि सगळी मेहनत वाया जाते.

याहून पुढची पायरी म्हणजे कमानींवरचं उतरतं छप्पर. जीआय पाइप वाकवून तीन-चार कमानी करा. पहिली केबिनच्या टपाइतकी उंच, तिच्या मागची प्रत्येक थोडी ठेंगणी. उतार किती ठेवायचा, इथे बहुतेकांचं चुकतं. हवा साधारण १२ अंशांपर्यंतचा उतार धरून चालते. उतार त्याहून तीव्र झाला की ती पृष्ठभाग सोडते आणि छप्पर असून नसल्यासारखं होतं. हौदा २.६ मीटर लांब असेल तर १२ अंशांनी मागच्या टोकाला ५५ सेंटिमीटर उतरता येतं. केबिनच्या टपापासून फाळक्यापर्यंतचा फरक त्याहून जास्त असेल तर फाळक्यापर्यंत ओढायचा मोह टाळा. ५५ सेंटिमीटर उतरा आणि तिथे सरळ उभं कापून थांबा. ती मागची कड गोल नको, चांगली टोकदार हवी, म्हणजे हवा एका ठरलेल्या रेषेवर सुटते. १९३० च्या दशकात वुनिबाल्ड काम या जर्मन इंजिनिअरने मोटारींच्या शेपटीसाठी मांडलेला विचार हाच आहे.

कमानी हौद्याच्या बाजूच्या खाचांत बसतील अशा करा, वेल्डिंग करू नका. माल भरताना त्या पाच मिनिटांत निघाल्या पाहिजेत, नाहीतर हमाल पहिल्याच दिवशी त्या उचलून बाजूला टाकतील.

आता रिकाम्या क्रेटचं. एका क्रेटची उंची साधारण ३० सेंटिमीटर. केबिनच्या वर दोन थर गेले तर गाडीचा समोरचा आकार ३ वरून जवळपास ४ चौरस मीटर होतो. तिसरा हिस्सा हवा जास्त. त्यात क्रेटच्या जाळ्या हवेला खरवडत जातात, ते वेगळंच. परतीला क्रेट केबिनच्या उंचीच्या खालीच राहतील असे रचा. एकात एक बसणारे किंवा घडीचे क्रेट मिळत असतील तर व्यापाऱ्याशी बोलून बघा. क्रेट उंच जाणारच असतील तर उंच थर पुढे, केबिनला लागून ठेवा, मागे पायऱ्यांसारखे उतरत या आणि त्यावर ताडपत्री खेचून घ्या. क्रेटच्या आधारानेच ते उतरतं छप्पर तयार होतं. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

जाताना भाजी असते, तिला श्वास हवा. घट्ट ताडपत्रीखाली कोथिंबीर तापते आणि पिवळी पडते, टोमॅटो घामेजतो. त्यासाठी ताडपत्री सैल करू नका. पुढे केबिनच्या मागच्या बाजूला खाली दोन मुठींएवढी जागा मोकळी ठेवा आणि मागचा पडदा खालून उघडा राहू द्या. गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे आतली गरम हवा आपोआप मागे ओढली जाते. मालातून वारा फिरतो आणि वरचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. कांद्याच्या गोण्यांनाही हेच लागू.

टपावरचा डिफ्लेक्टर

माल नेहमीच केबिनपेक्षा उंच जात असेल तरच हा करा. भरलेल्या गाडीत मालाची उभी भिंत टपाच्या वर हवेला सरळ आडवी येते. डिफ्लेक्टरचं काम एवढंच, की केबिनवरून येणारी हवा त्या भिंतीवर न आदळता तिच्या वरच्या कडेवरून पलीकडे जावी.

कडा गोल केल्याने काय होतं हे अमेरिकेत १९७० च्या दशकात नासाने एका डब्यासारख्या व्हॅनवर करून दाखवलं. एडवर्ड्स इथल्या केंद्रात त्यांनी व्हॅनला आधी चौकोनी पत्र्यांचा खोका चढवला आणि मग एकेक कड गोल करत नेली. पुढच्या-मागच्या उभ्या कडा गोल केल्यावर रोध ४० टक्क्यांनी घटला. आडव्या कडाही गोल केल्यावर घट ५४ टक्क्यांवर गेली. पुढे गाडीचं पोट झाकल्यावर आणखी फायदा झाला. आपल्या जुन्या पिकअपची केबिन त्या खोक्याइतकी चौकोनी नसली तरी टपावर सपाट फळी उभी केली की आपणच तसा खोका तयार करतो. म्हणून डिफ्लेक्टर सपाट पत्र्याचा नको. वरची कड आणि दोन्ही बाजू मागे वळलेल्या हव्यात, आणि वळण हातभर मोठं असलं तर चांगलं.

साहित्याचे दोन पर्याय. पहिला, दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती ३ मिलिमीटरची एसीपी शीट. मागून खाच मारून ती हवी तशी वाकते, पाटी बनवणारा हे काम करून देतो. दुसरा, फायबर. थर्माकोलचा साचा करून त्यावर फायबर चढवणारे कारागीर नाशिकमध्ये सापडतात. फायबरला वळण छान येतं, पण वेळ आणि पैसे जास्त. आतला सांगाडा एक इंची स्क्वेअर पाइपचा करा. अंबड-सातपूरच्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये तो दिवसभरात होतो.

उंची ठरवायला मालाच्या वरच्या कडेपासून डिफ्लेक्टरच्या वरच्या कडेपर्यंत सुतळी ताणा. सुतळी डिफ्लेक्टरच्या उताराच्याच रेषेत पुढे जात असेल तर उंची बरोबर. डिफ्लेक्टर मालाच्या पूर्ण उंचीइतका लागत नाही, हवा पुढे वर चढतच असते. टपाशी उतार ३० अंशांच्या आत ठेवा.

आता मजबुतीचं गणित, कारण हा भाग निघून मागच्या मोटारसायकलवाल्यावर पडला तर डिझेलच्या बचतीला अर्थ नाही. दीड मीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच डिफ्लेक्टरवर ८० च्या वेगाला सुमारे १९ किलोचा जोर येतो. समोरून ४० चा वारा असेल तर तो ४० किलोच्या वर जातो, आणि शेजारून कंटेनर गेला की क्षणभर बाजूने धक्का बसतो. टपाच्या पातळ पत्र्यात चार स्क्रू मारून हे पेलत नाही. टपाच्या कडेच्या गटर पट्टीला क्लँप करा किंवा हौद्याच्या पुढच्या लोखंडी चौकटीला बोल्ट मारा. सगळीकडे नायलॉक नट (आपोआप सैल न होणारे) आणि रुंद वॉशर.

यापैकी एकच निवडा, दोन्ही नाही. केबिन आणि हौदा चॅसिसवर वेगवेगळे बसवलेले असतात. खड्ड्यात किंवा घाटातल्या वळणावर चॅसिस पिळली की दोघे वेगवेगळ्या दिशेने हलतात. दोन्हीकडे घट्ट बोल्ट मारलेला डिफ्लेक्टर महिन्याभरात बोल्टाभोवती तडकतो, किंवा टप फाटतो. एका बाजूला पक्का करा आणि दुसऱ्या बाजूची फट रबराच्या पट्टीने झाका. केबिन आणि हौद्यामधली उभी फटही अशाच रबराने झाकता येते. बाजूच्या वाऱ्यात तिथून बरीच हवा आत घुसते.

शेवटची आणि विसरली जाणारी गोष्ट, रिकाम्या गाडीवर उभा डिफ्लेक्टर रोध वाढवतो. मागे माल नसताना तो हवेला नुसता वर फेकतो आणि मागची पोकळी आणखी मोठी करतो. म्हणून खाली बिजागरी आणि बाजूला पिनांच्या दोन जागा ठेवा. माल असेल तेव्हा उभा, परतीला आडवा. पिन निसटू नये म्हणून तिला तारेची आर-क्लिप लावाच.

खालची बाजू

बंपरखाली रबराची पट्टी लावली की गाडीच्या पोटाखाली कमी हवा शिरते. तिथे सायलेन्सर, प्रॉपेलर शाफ्ट, टाकी, आडवे मेंबर असा सगळा पसारा असतो आणि हवा प्रत्येकावर अडते. जुन्या कन्व्हेअर बेल्टची चार-पाच मिलिमीटर जाडीची पट्टी घ्या, वरून लोखंडी पट्टीने दाबून बोल्ट मारा. ती पोटाखालच्या सर्वात खालच्या भागाच्या रेषेपेक्षा खाली नेऊ नका. त्याहून खाली गेली की समोरचा आकारच वाढतो. लोखंड किंवा कडक प्लास्टिक इथे नको. स्पीडब्रेकरवर रबर वाकतं आणि परत सरळ होतं. शेतात द्राक्षाच्या बांधापर्यंत गाडी जात असेल तर पट्टी बोल्ट सोडून लगेच काढता येईल अशी लावा. बंपरमधली रेडिएटरला हवा देणारी खालची फट मात्र झाकू नका.

पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधल्या जागेत हौद्याखाली बाजूचा पडदा लावता येतो. तो जमिनीपासून फूटभर वर संपला पाहिजे आणि बिजागरीवर वर उचलता आला पाहिजे, कारण टाकीचं झाकण, बॅटरी, स्टेपनी सगळं तिथेच असतं. फायदा आहे, पण ताडपत्रीइतका नाही. मी हे शेवटी करेन.

पोटाखाली पूर्ण पत्रा मारायचा विचार बाजूला ठेवा. चिखल साचतो, गंज दिसत नाही, मेकॅनिक वैतागतो, आणि सायलेन्सरजवळ प्लास्टिकची शीट गेली तर आग लागू शकते. फार तर बंपरपासून इंजिनाखालच्या पहिल्या मेंबरपर्यंत ॲल्युमिनियमचा पत्रा, तोही ऑइल काढायला भोक ठेवून.

जे करू नका

समोरची जाळी झाकू नका. निफाडकडच्या थंडीत इंजिन लवकर तापायला त्याची मदत होते खरी, पण तीच गाडी परतीला कसाऱ्याचा चढ चढते तेव्हा रेडिएटर आणि इंटरकूलरला मिळेल तेवढी हवा लागते. हेड गॅसकेट उडाला तर वर्षभराची बचत एका दिवसात जाते.

चाकांना सपाट झाकणं बसवू नका. घाटात ब्रेक तापतात, त्यांना हवा लागते. उतारावर न्यूट्रल करू नका. कॉमन रेल इंजिनात गियरमध्ये असताना पाय उचलला की डिझेलची फवारणीच बंद होते, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला डिझेल लागतं. म्हणजे धोकाही जास्त आणि डिझेलही जास्त. ट्रकच्या मागे चिकटून त्याच्या आडोशाने चालणंही सोडून द्या. पुढच्याने ब्रेक मारला तर वाचायला जागा उरत नाही.

मागच्या फाळक्याला आत वळलेले पंख जोडायची कल्पना शास्त्राच्या दृष्टीने चांगली आहे. पण पिकअपचा माल दिवसातून अनेकदा चढतो-उतरतो, त्या धबडग्यात ते टिकत नाहीत आणि गाडीची लांबी कागदावरच्या मापापेक्षा जास्त भरते.

लोकरीच्या धाग्यांनी तपासा

हवा डोळ्यांना दिसत नाही, धागे दिसतात. रंगीत लोकरीचे बोटभर लांब तुकडे कापा आणि मास्किंग टेपने टपावर, डिफ्लेक्टरवर, ताडपत्रीवर आणि मागच्या कडेवर वीतभर अंतराने चिकटवा. दुसऱ्या गाडीतून शेजारी बसलेल्याने व्हिडिओ काढायचा, चालवणाऱ्याने नाही. ६० चा वेग पुरतो.

धागा मागे सरळ झोपलेला असेल तर तिथे हवा चिकटून चालली आहे. धागा उभा राहून थरथरत असेल किंवा उलटा पुढे वळत असेल तर तिथे हवा तुटली आहे. उतरत्या छपरावर एका कमानीनंतरचे धागे उधळलेले दिसले तर त्या कमानीनंतरचा उतार जास्त आहे. मागची कमान दोन-तीन सेंटिमीटर वर उचला आणि पुन्हा बघा. डिफ्लेक्टरच्या वरच्या कडेवर धागे नाचत असतील तर वळण लहान आहे. मालाच्या पुढच्या भिंतीवर धागे वर झोपलेले दिसले तर हवा अजून तिच्यावर आदळतेय, डिफ्लेक्टर थोडा उंच करा.

या धाग्यांवर एका सकाळी जेवढं कळतं तेवढं महिनाभर ॲव्हरेज मोजून कळत नाही. ॲव्हरेज फक्त फरक पडला की नाही ते सांगतं, धागे जागा दाखवतात.

आरटीओ, विमा आणि नटबोल्ट

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांपासून आणि कंपनीच्या मूळ मापांपासून गाडी बदलता येत नाही. म्हणून या लेखातलं सगळं स्पॅनरने निघणारं आहे. चॅसिसला वेल्डिंग नाही, हौद्याची लांबी-रुंदी वाढवणं नाही. ताडपत्री आणि सुटे होणारे भाग लावताना नंबर प्लेट, मागचे दिवे, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या पूर्ण दिसल्या पाहिजेत. डिफ्लेक्टर किंवा बाजूचे पडदे कायमचे ठेवणार असाल तर पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर न कळवलेला बदल दाव्याच्या आड येतो.

मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं. जुनी पिकअप म्हणजे दरवर्षीच. तपासणीच्या दिवशी डिफ्लेक्टर, बंपरखालची पट्टी आणि कमानी उतरवून ठेवा.

नवीन बसवलेला प्रत्येक बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा आणि पांढऱ्या रंगाने नट व पट्टीवर एक आडवी रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे, हे लांबूनच कळतं. दर फेरीआधी टायर बघता तेव्हाच या रेघांवरून नजर फिरवा. रॅचेट बेल्टची कड विसविशीत झाली असेल तर तो शिवून वापरू नका, नवीन घ्या.

पैशांचं गणित असं. फेरी ३४० किलोमीटरची, ॲव्हरेज १२, म्हणजे २८ लिटर. त्यात ६ टक्के वाचले तर दीड लिटरच्या वर, ९० रुपये दराने दीडशे रुपये फेरीला. ताडपत्री, बेल्ट आणि कमानींचा खर्च हंगामातल्या रोजच्या फेऱ्यांत काही आठवड्यांत फिटतो. डिफ्लेक्टरला त्याहून जास्त वेळ लागतो. वर्षातून मोजक्याच फेऱ्या करणाऱ्याने ताडपत्रीवर थांबावं.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर या आठवड्यात टायरची हवा, ब्रेक आणि टाकीची नोंद. पुढच्या आठवड्यात कॅरिअर आणि गार्ड उतरवून परतीचे क्रेट खाली रचणं. नवी ताडपत्री आणि कमानी त्यानंतर, जुन्या ताडपत्रीवरचे आकडे वहीत उतरल्यावर.